ही साडी हाय, ताका न्हाय

धामणकर नाक्यावर अंजूरच्या रिक्षाची वाट पाहत होते, तेव्हा फोन आला. जनार्दनदादा गेले. मी त्यांच्याकडेच निघाले होते, नवी कथा वाचून दाखवायला... रिक्षात बसले आणि रडूच फुटलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "क्या हुआ, बहन?" म्हटलं, "मेरे गुरुजी गए." त्याला आता सात आठवडे झाले. आज तो शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज निघणार नाही.

दादा एका लूमवाल्याकडे फोल्डिंगला होते. विणून आलेलं कापड मोजायचं, घडी घालायची, शिक्का मारायचा. उभ्या नोकरीत त्यांच्या मापात बोटभर फरक निघाला नाही, आणि त्याचा केवढा तोरा! कथाही लिहायचे, दिवाळी अंकांत छापून यायच्या. मी शाळेत मराठी शिकवते, पण लिहायला शिकले ते त्यांच्याकडे. लघुकथा, कथा, दीर्घकथा, कादंबरी हे शब्द त्यांनी माझ्यासारख्या शाळेतल्या बाईंना देऊन टाकले होते. त्यांच्याकडे फक्त रुमाल, ब्लाउजपीस, साडी आणि ताका, म्हणजे कापडाचं अख्खं थान. कुणाचंही हस्तलिखित आलं की आधी शब्द मोजत, मग वाचत. "लांबी कलल्याबिगर पोत कसा कलणार?" असं म्हणायचे आणि मला ते फार थोर वाटायचं.

आठ वर्षांपूर्वी मी आईवर लिहिलं. दापोड्याला ज्या शेतात तिने भात लावला, तिथेच गोडाऊन उभं राहिलं आणि आई त्यात खोकी चिकटवायला जाऊ लागली, ती सगळी हकिकत. एका प्रकाशकाची कादंबरीस्पर्धा होती. निवडलेली कादंबरी ते छापणार होते, अट चाळीस हजार शब्दांची. आई अंथरुणाला खिळली होती, रोज विचारायची, "माजं पुस्तक कवा येतंय?" मी झेरॉक्स काढून दादांना दिली. आठवड्याने ते म्हणाले, "एकतीस हजार भरले. बाई, ही साडी हाय, ताका न्हाय."

"थोडं वाढवू का?"

"ताणलं तर विरंल. त्यापेक्षा काप आनि दिवाली अंकाला दे."

त्यांनी मोजल्यावर पुन्हा मोजायचं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी कापलं. साठ पानं उरली, बाकीची रद्दीत गेली. दीर्घकथा म्हणून छापून आली, कौतुकही झालं. अंक आईच्या हातात दिला. तिने पानं उलटली, मी वाचून दाखवलेलं ऐकलं आणि म्हणाली, "यात मी कुटं हाय?" खरंच, कापलं होतं ते बहुतेक तिचंच होतं. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

मागच्या महिन्यात वहिनींनी, म्हणजे दादांच्या पत्नीने, बोलावून एक गठ्ठा दिला. माझीच झेरॉक्स, पूर्ण. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने त्या पानाचे शब्द लिहिलेले. शेवटच्या पानावर बेरीज, त्रेचाळीस हजार एकशे अठरा. खाली त्यांच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द... "ताका".

मी वहिनींकडे पाहिलं. त्या पदराशी चाळा करतच म्हणाल्या, "त्यांची सोताची गोष्ट कवाच चाळीस पानांच्या पुढं गेली न्हाय, बाई. लई बसायचे लिवायला. तुमचं वाचलं त्या दिशी जेवले न्हाईत."

मला दया यायला हवी होती. आली नाही. मला संताप आला, अजून येतो. शोकसभेत या माणसाबद्दल मी वीस मिनिटं बोलले होते, "त्यांच्या मापावर डोळे झाकून विश्वास ठेवावा" असं म्हणाले होते, आणि समोर वहिनी मान खाली घालून ऐकत होत्या. हेवा वाटला तर तोंडावर बोलायचं होतं, दादा. भांडले असते, पण आईला तिचं पुस्तक दिलं असतं.

मागच्या आठवड्यात एकदा शाळेतून आले आणि तो गठ्ठा घेऊन बसले. मनात एकच आशा होती, की तुमची बेरीज चुकली असेल, खरे शब्द चाळीस हजारांच्या आतच असतील. म्हातारपणी नजर चुकली असेल, एखादा आकडा दोनदा धरला असेल, काहीतरी झालं असेल. पेन्सिल घेतली आणि एकेक शब्द मोजत गेले. चार दिवस लागले. दादा, एका शब्दाचीही चूक निघाली नाही.