कलामावशीची उजवी किडनी

कलामावशीला गावात सगळे तऱ्हेवाईक म्हणायचे, मीही म्हणायचो. लग्नाला गेली तरी पाण्याची बाटली काखेत. गुडघे धरले की भिंतीच्या आधारानं चालायची, पण दुखण्याची गोळी घ्यायची नाही. डावी किडनी तिनं एकुलत्या एका मुलाला, ओंकारला दिली होती. तो माझ्या वर्गातला. सव्वा वर्ष जगला आणि गेला. त्यानंतर नऊ वर्षं ती उजवी किडनी जपत होती.

मी संगमनेरात सीटी स्कॅनच्या मशीनवर काम करतो. गेल्या उन्हाळ्यात ती माझ्याचकडे चिठ्ठी घेऊन आली. पोट दुखत होतं, अन्न जात नव्हतं, अंगावर नुसती हाडं राहिली होती. चिठ्ठीवर डाय देऊन स्कॅन लिहिला होता. हे औषध शिरेतून सोडल्याशिवाय पोटातलं नीट उठून दिसत नाही, आणि ते शरीराबाहेर टाकायचं काम किडनीचं. मावशीच्या किडनीचा रिपोर्ट आधीच काठावर होता.

"सुई लावू नगं, भीमराज. ही बी गेली तर?"

"मावशी, आत काय झालंय ते कळाय नको का?" मी खेकसलो. मला राग पटकन येतो, आणि त्या दिवशी तो भीतीपोटी आला होता.

आमच्या डॉक्टर वृषाली मॅडमनी वाट काढली. पुण्यात नव्या डिटेक्टरचं मशीन आलं होतं. आमच्या मशीनमध्ये क्ष-किरणांचा आधी उजेड होतो, मग त्या उजेडाचं चित्र. नव्यात किरणांचा एकेक कण थेट टिपला जातो, त्यामुळे डाय निम्मा दिला तरी भागतं. हे ऐकून मावशी तयार झाली. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून एसटीनं मीच तिला घेऊन गेलो.

तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं. किडनीला जराही धक्का लागला नव्हता. खोटं कशाला बोलू, स्कॅनचा रिपोर्ट बघायच्या आधीच मी खूश झालो होतो.

तो रिपोर्ट वाईट होता. निम्म्या डायवर चित्र इतकं स्वच्छ आलं होतं की शंकेला जागाच नव्हती. स्वादुपिंडात कॅन्सरची गाठ, यकृतभर ठिपके. मॅडम म्हणाल्या, दोन-तीन महिने.

सांगायचं माझ्यावर आलं. मावशीच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. ती रडली नाही.

"आन् किडनी?"

"चांगली हाय. काय झालं न्हाई तिला."

"मंग मी गेल्यावर ती कुना पोराला लावता यील का रं?"

कॅन्सर झालेल्याची किडनी दुसऱ्याला लावत नाहीत. हे मला माहीत होतं, आणि तिच्याशी खोटं बोलणं मला जमलं नाही.

"न्हाई, मावशी."



"एवढी जपली रं," ती म्हणाली.