पांढरी पडलेली अंगठी

आमच्या घरी कोणी आलं की अण्णा आधी त्याचं तोंड बघायचे नाहीत. गळा, कान आणि बोटं बघायचे. माझे सासरे विट्याचे, गलाईवाले. जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान त्यांनी उभा जन्म तिकडे तमिळनाडूत चालवलं आणि म्हातारपणी ते माझ्या नवऱ्याच्या हवाली करून गावी आले. मला बघायला माझ्या माहेरी मेढ्याला आले तेव्हा चहाचा कप हातात घेता घेता माझ्या आईला म्हणाले, "वैनी, मंगळसूत्राच्या वाट्यांत लाख लय भरलीया. सोनाराला इचारा." आई पदर सावरत आत निघून गेली. मला त्या माणसाचा असा काही राग आला होता!

"ह्या डोळ्याला कसोटी लागत न्हाई," हे त्यांचं पालुपद. आणि नजर खरंच चुकायची नाही, म्हणून घरात त्यांच्यापुढे कोणी ब्र काढत नसे. मी काढायचे. "आवं अण्णा, माणसं जेवायला आल्यात, दागिनं गहाण टाकायला न्हाई," म्हटलं की मांडीवर थाप मारून हसायचे. जिभेला हाड नसलेला, पण मनानं निर्मळ माणूस.

सुप्रिया माझी नणंद, अण्णांचं शेंडेफळ. पलूसला तिचं जमलं, साखरपुडा झाला. लग्न तोंडावर आलं होतं. एका सकाळी ती अण्णांना चहा द्यायला वाकली आणि अण्णांनी तिचं मनगटच धरलं. साखरपुड्यातली अंगठी पांढरट दिसत होती.

"काढ ती. चांदी मिसळलीया. माझ्याच लेकीला खोटं सोनं घातलं व्हय!"

"अण्णा, आधी कसोटीवर घासून तरी बघा," मी म्हटलं.

"मला शिकवतीस?"

सुप्रिया "राहू द्या ना" एवढंच पुटपुटली. तिचे डोळे सुजलेले होते. मला वाटलं, रडली असेल. अण्णांनी भाड्याची गाडी बोलावली. हा माणूस तिथं काय बोलेल याचा नेम नव्हता, म्हणून मीही सोबत निघाले.

पलूसला नवऱ्यामुलाच्या वडिलांसमोर त्यांनी अंगठी ठेवली. "हे लगीन न्हाई हुयाचं." व्याही मुळातच अबोल. त्यांनी अंगठी उचलून परत अण्णांच्या हातात दिली. "अण्णा, माझ्या आईची पाटली मोडून केलीया ती. हितंच तापवा, माझ्या म्होरं."

अण्णांनी पकडीत अंगठी धरली आणि स्वयंपाकघरातल्या गॅसवर नेली. सगळं घर दारात गोळा झालं. चांदीची खोट असती तर अंगठी तशीच पांढरट राहिली असती. ती हळूहळू पिवळी होत गेली. मी मनात म्हटलं, सुटलो बाई! पण अण्णांचा चेहरा उतरला होता.

त्यांनी झटकन गॅस बंद केला. "भायेर व्हा! समदी भायेर व्हा! खिडक्या उघडा! पारा हाय त्यो!"

अंगणात आल्यावर ते ओट्यावर बसले. त्यांचा थोरला भाऊ दुकानात झाडलोटीतले सोन्याचे कण पाऱ्यानं वेचायचा. पुढं त्या पाऱ्याच्या वाफेनं त्याला पाण्याचा पेला धरता येईना, सख्ख्या भावाला ओळखेना, आणि तसाच गेला. तेव्हापासून अण्णांनी पारा दुकानात येऊ दिला नव्हता आणि पोरांना भट्टीजवळ फिरकू दिलं नव्हतं.

"सोन्याला पारा लागला की ते पांढरं पडतं, तापवलं की पारा उडतो," ते म्हणाले. "मग माझ्या पोरीच्या बोटाला त्यो आला कुठनं?"

मला तिच्या आरशामागची एक बिननावाची डबी आठवली. पार्लरमधून आणलेलं, गोरं करणारं क्रीम. असल्या क्रीममध्ये पारा घालतात, हे मी कुठंतरी वाचलं होतं. रोज रात्री ती अंगठी न काढताच ते बोटानं तोंडाला चोळून झोपायची. पैंजण घट्ट होतंय म्हणत होती ते, सकाळचे ते सुजलेले डोळे, सगळं एकदम लख्ख कळलं. अण्णांना सांगत मी गाडीत बसले आणि तिला फोन लावला. ती उचलेना. परत लावला. अण्णा ड्रायव्हरला "हाण रं, हाण गड्या," एवढंच म्हणत होते.

घरी सुप्रिया अंथरुणावर पडून होती. अण्णांनी तिच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरेचना. तसंच तिला उचलून, ती डबी सोबत घेऊन सांगलीला नेलं. डॉक्टरांनी डबी बघितली, रक्त-लघवी तपासली आणि स्पष्ट सांगितलं, "पारा अंगात गेलाय. किडन्यांवर परिणाम झालाय. पूर्ण सुधारतील की नाही, आज सांगता येत नाही."

अण्णा तिच्या उशाशी बसले. "कशापायी लावलंस गं हे?"

ती छताकडे बघत म्हणाली, "पाव्हणं मला बघाय आलं तवा तुमीच म्हणालासा. पोरगी सोनं हाय, जरा काळवंडलंय, उजळून देतो. समदी हसली."

मीही त्या दिवशी तिथंच चहा वाटत होते. अण्णांचा हात तिच्या केसांवर होता, तो तिथंच थांबला. त्यांनी कोणाकडे वर बघितलं नाही.

क्रीम बंद झालं, औषधं लागू पडली, सूज उतरायला लागली. किडन्या वाचतील असं डॉक्टर म्हणाले त्याच दिवशी पलूसचे व्याही दवाखान्यात आले. पोरीला बघायलाच आले होते बिचारे, दुसरं काही मनात नव्हतं. अण्णा उठले आणि भरल्या वॉर्डात त्यांनी हात जोडले.

"सोन्यात खोट न्हवती, पाव्हणं. माझ्या तोंडात हुती."

एवढं बोलून ते लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. लेकीचं लग्न पलूसच्या त्याच घरात लावून पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.