झाकलेली सीताफळं

येरमाळ्याच्या डोंगरउतारावर सीताफळं तोडताना मथुराबाईंचा पाय घसरला, गुडघा सुजला, आणि लेकानं फर्मान काढलं, "आये, आता डोंगर बंद!" कुलदीपचा आईवर लई जीव, पण त्याचं जग हायवेवरच्या आपल्या मोबाईल दुकानापुरतं, डोंगराची समज नाही. आईला सीताफळांसाठी डोंगराची ओढ लागू नये म्हणून त्यानं बाजारातून टोपलंभर आणून दिली.

मथुराबाईंनी ती पोत्याखाली आढीत घातली. पिकायचं नावच नाही. काळी पडून दगडागत झाली. तोडणाऱ्यानं फळाचे डोळे उघडायची वाटच पाहिली नव्हती. डोळ्यांमधल्या भेगा पांढुरक्या झाल्याबिगर सीताफळाला हात लावायचा नसतो, हे डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

वाऱ्या-उन्हात जन्म गेलेल्या बाईचा जीव भिंतीआड उबून गेला होता. एका सकाळी तिनं गुडघ्याला फडकं आवळलं, काठी घेतली, रिकामं टोपलं काखेला मारलं. कुलदीप दारात आडवा झाला.

"आये, परत पडलीस तर?"

"पडले तर उठंन." मथुराबाईंनी एक काळं फळ त्याच्या हातावर ठेवलं. "ह्ये बी येळंआधी डोंगरापासनं तोडलं, जपून झाकून ठिवलं हुतं. बघ काय झालं त्याचं. सर बाजूला."