मिरजेवरून नको

अप्पा गिरणीतून निवृत्त झाले, त्या हिवाळ्यात मी मनाशी ठरवलं की आईला समुद्र दाखवायचा. आईनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वराचं तळं. अप्पांना समुद्र नवा नव्हता. मी पाच-सहा वर्षांची असताना ते दोन वर्षं रत्नागिरीला बंदरावर कामाला होते. ओहोटीला पाणी कसं मागं सरतं, ओल्या वाळूवर खेकडे कशी नक्षी काढतात, वाळत घातलेल्या मासळीवर कावळे कसे टपून बसतात, हे सगळं आम्ही दोघी बहिणी त्यांच्याकडूनच ऐकत मोठ्या झालो. पुढे मी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका झाले तेव्हा भरती-ओहोटीचा धडा शिकवताना मुलांना मोठ्या दिमाखात सांगायची, "माझ्या वडिलांनी हे डोळ्यांनी पाहिलंय."

माझ्या नवऱ्याच्या ओळखीचा मोहोळचा एक टॅक्सीवाला होता. त्याची अँबॅसिडर आठ दिवसांसाठी ठरवली. एका रविवारी दुपारी शाळेतला भिंतीवरचा नकाशा गुंडाळून मी माहेरी नेला आणि जमिनीवर पसरला. एका कोपऱ्यावर तांब्या, एकावर वरवंटा, उरलेल्या दोहोंवर पाट ठेवले. आई शेजारी ज्वारी निवडत बसली होती. मी दोघांना सांगत होते, "घाई अजिबात करायची नाही. दिवसाला चार तासांच्या वर गाडी नाही. वाटेत आवडेल तिथं उतरायचं, चहा प्यायचा, आडवं व्हायचं. पहिला मुक्काम मिरजेला माझ्या मावससासूबाईंकडं. मग कोल्हापूर, मग आंबा घाटानं रत्नागिरी. तिथून खाली मालवणपर्यंत."

अप्पा खाटेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "मिरजेवरून नको."

"का?"

"रस्ता खराब हाय."

"सगळ्या एसट्या तिकडनंच जातात की, अप्पा."

"जाऊ देत. आपण कराडवरनं जाऊ."

मी हसले. नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "हा बघा केवढा वळसा पडतोय! आईचे गुडघे वाटेतच धरतील. शिवाय मावससासूबाईंना पत्रही टाकलंय मी."

"मिरजेवरून न्हाय म्हटलं की न्हाय!" अप्पा ओरडले. आयुष्यात ते माझ्यावर ओरडलेले मला आठवत नाहीत. त्यांनी टोपी घातली, चपला पायात सरकवल्या आणि भर उन्हात बाहेर निघून गेले.

मी आईकडं पाहिलं. तिच्या हातातलं सूप थांबलं होतं.

"तुमा दोघींची लग्नं झाली आता," ती हळूच म्हणाली. "आता सांगायला हरकत न्हाय. तुझे अप्पा रत्नागिरीला गेलेच न्हवते."

"म्हणजे?"

"मिरजेला व्हते. दवाखान्यात. क्षय झालता त्यांना."

 मी मूर्खासारखं विचारलं, "आणि पत्रं? पत्रं यायची की! तूच वाचून दाखवायचीस."

"पत्रं खरी. त्यावर शिक्का मिरजेचा असायचा. म्हणून वाचून झालं की चुलीत घालायची. क्षयाचं घर म्हटल्यावर तुमा पोरींना कुणी दारात उभं केलं असतं का?"

 मला राग आला की भीती वाटली, ते आजही सांगता येणार नाही. डोळ्यांसमोर एकेक गोष्ट येत गेली. अप्पांचं ताट वेगळं असायचं. पाणी प्यायचा पेला वेगळा, तो ते स्वतः घासायचे. धाकटी बहीण दुडुदुडु धावत त्यांच्याकडं गेली की ते उठून दारात जाऊन उभे राहायचे. दवाखान्यातून बरा म्हणून लिहून दिल्यावरही त्यांचा स्वतःवर विश्वास बसला नव्हता, असं आई सांगत होती. इतकी वर्षं आम्ही बहिणी समजत होतो की मुलीच झाल्या म्हणून अप्पांना आमची माया नाही. हे आम्ही एकमेकींजवळ बोलूनही दाखवलं होतं.

"आणि समुद्र?" मी विचारलं. "खेकडे? मासळी? ते सगळं खोटं?"

 उत्तर अप्पांनीच दिलं. ते कधी परत येऊन उंबऱ्यात उभे राहिले, आम्हाला कळलंच नव्हतं.

"शेजारच्या खाटेवर एक जण व्हता, रत्नागिरीकडचा. खोकला थांबला की बोलत सुटायचा. घरचं, बंदराचं, पाण्याचं. दोन वर्षं मी ऐकलं. तुमाला पत्रात काय लिवणार? आज कोण गेलं, कुणाची खाट रिकामी झाली, ते लिवू? मग त्यानं सांगितलेलंच लिवायचो."

"तो माणूस?"

"तो न्हाय उठला. मी उठलो."

मी नकाशा तसाच गुंडाळला आणि घरी निघाले. वाटेत एकदा चुकीच्याच गल्लीत शिरले. दोन दिवस शाळेत शिकवलं, पण काय शिकवलं ते ठाऊक नाही. ज्या माणसाच्या डोळ्यांची ग्वाही मी मुलांना देत होते, त्यानं हे काहीच पाहिलेलं नव्हतं. नवऱ्याला सांगावं की नाही, हाही प्रश्नच होता, आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं.  तो एवढंच म्हणाला, "मग आता त्यांनी जायलाच पाहिजे."

मी माहेरी गेले. अप्पांना विचारलं, "गाडीला यायला सांगू का? मिरजेला थांबायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा."

ते म्हणाले, "थांबू. पण तुझ्या मावससासूकडं न्हाय. दवाखान्याच्या दारात थोडा वेळ. बास."

माझी शाळा होती, म्हणून दोघंच गेली. आठ दिवसांची नऊ झाली. मला आधी सगळं कळलं ते टॅक्सीवाल्याकडून. तो सामान उतरवताना म्हणाला, "बाई, मिरजेत दवाखान्याच्या फाटकाला हात लावून उभे राह्यले, आत काय गेले न्हाईत. पण रत्नागिरीत लई घोळ झाला बगा. म्हातारी बया लुगडं धरून गुडघ्याएवढ्या पाण्यात, हसतीया पोरीवानी. आन् हे गाडीतनं उतरंनात. काच वर करून बसले. तासभर!"

"मग?"

"मग काय, बया परत आली. दार उघडलं आन् हाताला धरून नेलं त्यांना. चारचौघांत."

मी आईकडं पाहिलं. अप्पांचा हात तिनं धरलेला मी जन्मात पाहिला नव्हता. ती पिशवीतून आमसुलं काढून माझ्यासाठी डब्यात भरत होती. माझ्याकडं बघायचं तिनं टाळलं.

अप्पा पाय धुऊन आत आले. चेहरा उन्हानं रापला होता. मी जपूनच विचारलं, "कसा वाटला समुद्र?"

ते खाटेवर बसले, धोतराचा सोगा झटकला. त्यातून थोडी वाळू पडली.

"बाकी सगळं त्यानं सांगितलं तसंच हाय," ते म्हणाले. "पण आवाज केवढा! सारखा आवाज. थांबतच न्हाय. त्याचं कधी बोलला न्हाय तो."

"ऐकून ऐकून त्याला तो ऐकूच येत नसेल," आई आतून म्हणाली.

अप्पा तिच्या दिशेला बघत राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ये, बस हितं."

मी जाऊन त्यांच्याजवळ बसले, अगदी खेटून. ते उठून गेले नाहीत.