एक कट्टा तांदूळ

भंडाऱ्यात घरं दाखवणारा हा माणूस रिकाम्या घरातही चप्पल बाहेर काढून शिरतो. मग हॉलकडे ढुंकूनही न पाहता थेट मागचं दार उघडतो. बोलताना दर वाक्यानंतर थांबतो आणि समोरच्यानं मान हलवली की मगच पुढे जातो. सुरुवातीला मला त्याचा रागच यायचा.

मला तिसऱ्या माळ्यावरचा एक फ्लॅट आवडला होता. लिफ्ट नव्हती, पण बाल्कनीतून वैनगंगा दिसायची.

"घेतो," मी म्हणालो.

"उद्या आणखी एकदा पाहून घ्या, भाऊ."

दुसऱ्या दिवशी तो ऑटोतून तांदळाचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, घेऊन आला आणि जिन्यापाशी ठेवून म्हणाला, "उचला. वरत न्या."

दुसऱ्या माळ्यावर दम लागून मी त्या कट्ट्यावरच बसलो. तो पायरीवर टेकला.

"तुमच्या गावच्या, अड्याळच्या वावरातून वर्साले किती कट्टे येतेत?"

"आठ-दहा."

"दर वर्सी येतीन."

तो थांबला. मी मान हलवली.

शेवटी मी मागे अंगण असलेलं बैठं घर घेतलं. गावाहून पहिले कट्टे उतरले तेव्हा तो आला होता. एका कट्ट्यावर हात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला.

"तुम्ही कुठे राहता?" मी पहिल्यांदाच विचारलं.

"तिसऱ्या माळ्यावर." तो हसला. "मले कोठून येतेत कट्टे? त्या दिवशीचाबी दुकानातूनच आणला होता."