सात तांदळांचं अक्षर

"वाचनारा कोठे उभा शे, भो?"

एवढं विचारायचं आणि तोंड माझ्या संगणकाकडेच ठेवून चाचांनी मागे सरकायला लागायचं. सात पावलांवर भिंत. तिला पाठ टेकली की डोळे बारीक करायचे, मग दारातून उलटेच बाहेर, धडगावचं अख्खं जीपस्टँड ओलांडून थेट भजीवाल्याच्या कढईपर्यंत. जीपवाले हॉर्न वाजवून थकले, पण हा माणूस माझ्या खोलीतून सरळ तोंडाने बाहेर पडलेला कुणी पाहिला नाही.

चाचा मूळचे नंदुरबारचे, तीन पिढ्यांचे पाट्या रंगवणारे. घाटातल्या एका पंक्चरवाल्याची पाटी त्यांनी अशी रंगवली होती की गाड्या आधी थांबायच्या आणि मग पंक्चर व्हायच्या. तुम्ही त्या रस्त्याने गेला असाल तर तुम्हीही थांबला असाल, आठवून पाहा. त्यांचं माप साधं होतं. वाचणारा जितकी पावलं दूर, तितके तांदळाचे दाणे एकावर एक, एवढी अक्षराची उंची. पट्टी जन्मात वापरली नाही, खिशात तांदूळ असायचे. पुढे फ्लेक्स आले, कुंचले वाळले, आणि चाचा माझ्याकडे येऊन बसू लागले. मी वेबपेजं बनवतो.

"एक पान करी दे," एकदा म्हणाले. "नुसती नावं."

कुणाची नावं, ते सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. मणिबेलीच्या बाजूला धरणाचं पाणी चढायला लागलं, तेव्हा काठावरच्या एका बाईने त्यांना बोलावून घेतलं होतं. तिच्या घराशेजारी मोठा खडक होता. ती म्हणाली, "जिवंत माणसं वर जातील, मेलेली इथेच राहतील. त्यांची नावं ह्याच्यावर काढ." चाचांनी नेहमीचा प्रश्न विचारला. बाईने सरळ आभाळाकडे बोट केलं. "तिथे. होडीत."

पाणी चाळीस पावलं चढेल असं तेव्हा लोक म्हणत. चाचांनी चाळीस तांदळांचं अक्षर काढलं. पाणी चाळिसावर थांबलं नाही.

"अक्षर व्हतं तेवढंच ऱ्हायनं, भो. पाणी वाढी गयं."

बाईला वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याच्या नावाचा आकार ओळखायची. आता ती म्हातारी होऊन वरच्या उतारावर राहत होती, होडीतून काहीच दिसत नाही म्हणत होती. मरायच्या आधी तुला नाव दाखवीन, असा चाचांनी तिला शब्द दिला होता. त्यांचेही डोळे चालले होते.

मी पान केलं. काय देखणं केलं म्हणून सांगू! कडेने सातपुड्याच्या रांगा, मध्ये चौकट, चौकटीत नावं. आणि ती चौकट बिघडू नये म्हणून अक्षराला पक्कं माप ठोकलं, सोळा पिक्सेल. चाचांच्या फोनमध्ये अक्षरं सगळ्यांत मोठी लावलेली. बाकी सगळी पानं पुरीसारखी फुगायची, माझं ढिम्म.

"हाई मोठं का व्हत नही?"

"चाचा, मोठं केलं तर चौकट मोडेल."

"मोडू दे ना. चौकट कोन वाचस?"

"सोमवारी करतो."

माझे सोमवार तुम्हाला माहीत नाहीत, म्हणून सांगतो, तो आला नाही. मोलगीच्या बाजारातून म्हातारी आजारी असल्याचा निरोप मात्र आला. नदीकाठी नेटवर्क नाही, म्हणून पान फोनमध्ये उतरवून दिलं आणि चाचा गेले.

परत आले ते ओरडले नाहीत. त्याचीच मला भीती वाटली.

"तिनं फोन धरा. म्हने, ह्या मुंग्या कसाले आन्यात?" मग फोन माझ्यापुढे ठेवून, "मी खडकवर जे करं, तू बी तेच करी ऱ्हायना."

त्याच दुपारी मी ते पक्कं माप उपटून टाकलं. आता वाचणाऱ्याने आपल्या फोनमध्ये जे माप लावलंय, त्याच्या पटीत माझं अक्षर. त्याने वाढवलं की हे वाढणार. चौकट मोडली, सातपुडा घसरून तळाला गेला, एकेक नाव पडदाभर झालं. चाचा उलटे चालत कढईपर्यंत गेले आणि तिथून सगळी नावं मोठ्याने वाचली. भजीवाल्याने टोपी काढून हातात घेतली.

पुन्हा होडी. या वेळी म्हातारीने नवऱ्याचं नाव ओळखलं, त्याच्यावरून तळहात फिरवला. हाताखालून पान सरकलं, नावांमागून नावं वर येऊ लागली. "हळू," ती चाचांना म्हणाली, "सगळे एकदम उठतायत."

चाचा परतले ते फोनशिवाय.

"फोन कुठंय?"

"जेथे वाचनारा शे, तेथे ठेई उनू."

खरं काय ते होडीवाल्याने सांगितलं. खडकाच्या वर आल्यावर चाचांनी इंजिन बंद करायला लावलं, फोन पालथा पाण्यावर धरला आणि सोडला. उजेड खाली जाताना बराच वेळ दिसत होता म्हणे.

त्या थंडीत म्हातारी गेली. आठ दिवसांनी चाचा.

आता पुढचं मी सांगतो म्हणून तुम्ही हसाल. त्या पानाला मी एक मोजणी लावलीय, कुणी किती मोठ्या अक्षरात वाचलं याची. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असताना एक वाचणारा दिसला. पिक्सेलचे तांदूळ करून पाहिले, चाळीस. पावसाळ्यात धरण भरू लागलं तसा तोच वाचणारा साठ, मग नव्वद. एवढं मोठं अक्षर कुठल्याच फोनमध्ये लावता येत नाही. जीपवाल्यांना सांगितलं. माझ्या प्रत्येक गोष्टीला खदखदून हसणारी माणसं, त्यांनी आकडे पुन्हा दाखवायला सांगितले.

मग मी यादीच्या शेवटी दोन नावं वाढवली, म्हातारीचं आणि चाचांचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणी उघडली. वाचणारा नुकताच येऊन गेला होता. नाही, गेला नव्हता, पान अजून उघडंच होतं.

माप सात तांदूळ.

मागे भिंत आहे, तिकडे मी पाहिलं नाही. खुर्ची तेवढी जरा बाजूला सरकवली. मध्ये माझं डोकं येत होतं.