ताटातल्या तांदळावरचं नाव

विट्याच्या एसटी स्टँडवर आईने मला पहिल्यांदा आणि शेवटचं ‘माधवी’ म्हटलं. तोवर मी तिची सुरेखा होते, लाडाने सुरे. लग्नात ताटभर तांदळावर अंगठीने ‘माधवी’ लिहिलं गेलं, पेढे वाटले आणि सुरेखा खलास. त्या दिवशी मुंबईच्या गाडीपाशी सासूबाई उभ्या होत्या, म्हणून आईने विहिणीचा मान राखला. “माधवी, सांभाळून जा हं,” ती म्हणाली, ठेवणीतल्या आवाजात. मला रडू फुटलं. परदेशी निघाले म्हणून रडते, असं सगळ्यांना वाटलं.

कतारमध्ये दुखानला नवऱ्याच्या कंपनीचं घर मिळालं. एसी, दारात गाडी, पलीकडे समुद्र. नवरा, मकरंद, सकाळी ड्यूटीवर गेला की मी आणि भिंती. मला शाळेत शिकवायचं होतं, पण बी.एड. सुरेखाचं आणि पासपोर्ट माधवीचा. शिक्षण खात्याच्या काउंटरवरच्या कतारी बाईने दोन्ही कागद उलटेपालटे करून विचारलं, “वडील तेच ना? मग नाव का बदललं?” त्यांच्यात बाई लग्नानंतरही जन्मभर बापाचंच नाव लावते. मी हिंदी-इंग्रजीची खिचडी करून समजावलं. ती “इन्शाल्ला” म्हणाली. इथे राहिलेल्यांना पुढचं सांगायला नको, नोकरी काही मिळाली नाही.

दर शुक्रवारी आईचा फोन यायचा. “सुरे, जेवलीस का गं?” एवढ्यावर माझा आठवडा निघायचा. आई गेली तेव्हा सगळ्यांनी माझं सांत्वन केलं, माधवीचं. सुरेखाला विचारायला कोणी उरलंच नव्हतं.

हे सगळं मी गिळून बसले होते. मग आमच्या लेकीचं, रेवाचं लग्न ठरलं. मुलगा आदित्य, दोहातच आयटीत आहे, गुणी आहे. त्याच्या आईचा कोल्हापूरहून फोन आला, “ताटात काय लिहायचं हो? आमच्याकडं नाव बदलायची रीत हाय. अदिती कसं वाटतंय?” बाई मनाने चांगल्या, हौसेने विचारत होत्या. मी मात्र ‘नंतर कळवते’ म्हणून फोन ठेवला आणि रेवाला सांगितलं. रेवा इथेच वाढलेली, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत. ती म्हणाली, “चिल, आई. इट्स जस्ट राइस.” मकरंद म्हणाला, “एवढ्यासाठी सोयरीक मोडणार आहेस का?” सोयरीक मला मोडायची नव्हती. पण माझ्या पोरीचं नाव पुसलं जाणं मला बघवणार नव्हतं.

मन मोकळं केलं ते शेजारच्या बिर्गिटपाशी. ती डेन्मार्कची, संध्याकाळी आम्ही दोघी किनाऱ्यावर चालायला जातो. ऐकून घेतलं आणि तिने त्यांच्या एका राजकन्येची गोष्ट सांगितली. बापाला राज्य मिळायच्या आधी घरात ओढाताण. बहिणी आपले कपडे आपण शिवायच्या, एकाच खोलीत झोपायच्या. मग एक बहीण इंग्लंडला दिली, ही रशियाला. ज्याच्याशी ठरलं तो युवराज लग्नाआधीच वारला, तर त्याच्या धाकट्या भावाशी लग्न लावलं. धर्म नवा, नावही नवं. सम्राज्ञी झाली. पुढे नवरा गेला, क्रांती झाली, मुलं-नातवंडं मारली गेली, आणि ही म्हातारपणी परत माहेरच्या देशात. मुलं गेली हे तिने शेवटपर्यंत मान्य केलं नाही म्हणे. बहिणीला लिहिताना मात्र सही लहानपणच्या लाडक्या नावाने. ती बहीणही हिच्या आधी गेली. मरून कितीतरी वर्षांनी हिला उचलून रशियात नवऱ्याशेजारी नेऊन पुरलं, तशी तिचीच इच्छा होती.

“दगडावर नाव कुठलं?” मी विचारलं.

“रशियातलं,” बिर्गिट म्हणाली. ती अभिमानाने सांगत होती. मला त्या सम्राज्ञीची भयंकर कीव आली, आणि लगेच स्वतःची.

घरी येऊन चप्पल न काढताच मी कोल्हापूरला फोन लावला. “ताई, ताटात रेवाच लिहा.” “मोठ्या दिरांस्नी इचारून सांगते,” एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मकरंद उठून आत गेला.

रेवा दारात उभी होती. “आई, व्हाय डू यू केअर सो मच?”

मी सगळं सांगितलं, अगदी एसटी स्टँडपासून. ती खाली बसली. मग चक्क मराठीत म्हणाली, “आजी तुला सुरे म्हणायची. मला वाटायचं, ती सगळ्यांनाच तसं म्हणते. तुझं नाव होतं ते?”

पंचविशी ओलांडलेल्या पोरीला आईचं नाव माहीत नव्हतं. चूक तिची कशी म्हणू? घरात ते कोणी उच्चारलंच नव्हतं.

कोल्हापूरहून अजून काही कळलेलं नाही. लग्नाचा हॉल ठरलाय, मला झोप नाही. रेवाने मात्र आदित्यला सांगून टाकलंय की नाव बदलणार नाही, तांदळावरसुद्धा नाही.

विटा आता माझं घर राहिलं नाही, आणि दुखानचं घर कंपनीचं. नोकरी संपली की चावी परत. काल संध्याकाळी मी कणीक मळत होते. बाहेरून रेवाने चाचरत हाक मारली, “सुरेखा?”

हात पिठात होते. तोंडून आपसूक ‘ओ’ निघाली.